रील बघून जिम लावलेल्या भावाला

भावा, महिना झाला तरी आरशात काहीच दिसत नाही म्हणतोस. यात शरीराचा दोष कमी, मोबाईलचा जास्त. सध्या एवढंच सांभाळ:

१. रीलमधलं शरीर दिवसभर तसं नसतं. व्यायाम झाल्या झाल्या स्नायू फुगलेले असतात, उजेड मापून पाडलेला असतो, पाणी पिणं तोडलेलं असतं, वर फिल्टर. काहींनी इंजेक्शनं घेतलेली असतात, ते खाली कुणी लिहीत नाही. त्याच्याशी स्वतःला ताडून बघणं ही पहिली चूक, आणि ती जवळपास सगळेच करतात.

२. असला व्हिडिओ आला की ‘नॉट इंटरेस्टेड’ दाब. थांबून बघितलास की ॲप तेच आणखी दाखवतं.

३. रोज वजन करू नकोस. पाण्या-मिठानं किलोभर इकडंतिकडं होतंच. त्यापेक्षा अजिंक्यतारा किल्ला चढताना दम कुठं लागतो ते बघ.

उपाशी राहायचं नाही. जिममध्ये कुणी गोळी दिली तर घ्यायची नाही. भाकरी, उसळ, अंडी बास.

आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत ऑलिंपिकमध्ये कुस्तीचं कांस्य आणलं, ते ५७ किलोच्या गटात! आजच्या रीलवाल्यांनी त्यांना किरकोळच म्हटलं असतं.

जेवण नकोसं झालं, लोकांत जायची लाज वाटायला लागली, तर मात्र घरी बोल किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रोटीनचा हिशोब वगैरे सहा महिन्यांनी विचार.