आजीला बोट लागेल का?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत मुरगाव बंदरातून क्रूझवर जायचं आहे. सोबत ७२ वर्षांच्या सासूबाई आणि ५ वर्षांचा मुलगा. खोली कुठली घ्यावी? बोट लागू नये म्हणून काय करावं?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : खोली जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. जहाज तराजूच्या दांडीसारखं डोलतं. टोकं आणि वरचे मजले जास्त हलतात. वरची बाल्कनीवाली खोली महाग असते आणि उलट्याही तिथेच जास्त होतात! मात्र खोलीच्या वर डान्स फ्लोअर नाही ना, हे नकाशात बघून घ्या.

गोळी जहाज सुटण्याआधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून सासूबाईंची रक्तदाबाची औषधं दाखवून डॉक्टरांनाच विचारा. मुलाचा डोसही त्यांनीच ठरवावा. उपाशीपोटी राहू नका. सुकी पोळी, आल्याचा तुकडा चालतो. डेकवर उभं राहून क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं, मोबाईलकडे बघितलं की वाढतं.

मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि खोलीत बऱ्याच तासांनी पोचतात. औषधं, ओळखपत्रं, पोहण्याचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री आणि किटली सहसा काढून घेतात. सुके बांगडे तर घरीच बरे.

फोन एअरप्लेन मोडवर टाका; समुद्रातलं रोमिंग फार महागात पडतं.