आबांना शेवट माहीत आहे

चिऊ,

आबा सकाळी फोन घेणार नाहीत, पारायणाला बसलेत, असं सांगितलं तर तू म्हणालीस, "दर वर्षी तीच पोथी? त्यांना शेवट माहीत आहे ना?" मी हसले, पण दिवसभर ते डोक्यातून जाईना.

पारायण म्हणजे पार जाणं, या काठापासून त्या काठापर्यंत. अधलंमधलं चाळलं तर ते पारायण नव्हे. तू एकच पुस्तक उलटसुलट सारखं वाचतेस, त्यालाही आम्ही गमतीने पारायणच म्हणतो, तो भाग वेगळा. आबांचं म्हणजे दत्तजयंतीच्या आधीचा गुरुचरित्राचा सप्ताह. पहिल्या दिवशी 9 अध्याय, दुसऱ्या दिवशी 21 पर्यंत, असं सात दिवसांत पुरं करायचं.

सांगलीच्या घरी मी दुसऱ्या दिवसाची वाट बघायचे, कारण त्या दिवशी 18 वा अध्याय यायचा. गरिबाच्या दारात घेवड्याचा वेल, त्याच्या शेंगांवर घर जगतंय. गुरू भिक्षेला येतात, तेच खातात आणि जाताना वेल मुळापासून तोडून टाकतात. घरची बाई रडते. मग ते मूळ खणताना द्रव्याने भरलेला कुंभ सापडतो. कुंभ येणार हे मला ठाऊक असायचं, तरी वेल तोडला की दर वर्षी राग यायचाच.

हे सगळं ऐकलं ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून. ही पोथी बायकांनी वाचायची नाही, असं आपल्या घरात होतं. का, ते कुणी नीट सांगितलं नाही, मीही खोदून विचारलं नाही. मोठ्या आत्याला ऐकून ऐकून इतकं पाठ होतं की आबांची ओळ चुकली की ती आतून खाकरायची. आबा मुकाट्याने मागची ओवी पुन्हा घ्यायचे. पुण्य मात्र आबांच्या खात्यावर!

आता पुष्कळ बायका वाचतात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. तरी माझा हात पोथीकडे जात नाही. सवय म्हण, भीती म्हण. 36 व्या अध्यायातले लांबलचक आचारनियम तर मला तेव्हाही झोप आणायचे, आज त्यातलं बरंच पटतही नाही.

तू वाचावंस म्हणून हे लिहीत नाहीये, खरंच. आबांना आपण संध्याकाळी फोन करू. फक्त घेवड्याचा विषय काढलास तर अर्धा तास सोडणार नाहीत, एवढं धरून चाल.

– आई