साप-कासव घरी आणण्याआधी विजेच्या मीटरचा आकडा बघा

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही लिहिलंय ते असं : वय ३८, निवृत्ती ५८ व्या वर्षी, मुलगी ११ वर्षांची. यंदा दोन पगारांएवढा बोनस मिळालाय. त्यातून एक बॉल पायथन (अजगराच्या कुळातला बिनविषारी साप) आणि लाल कानाच्या कासवांची दोन पिल्लं घ्यायची, पेटी आणि टाकी हप्त्यावर उचलायची आणि पुढे सापाची पिल्लं विकून खर्च भरून काढायचा. आपत्कालीन निधी आज दोन महिने पुरेल इतकाच आहे. शेवटी तुम्ही विचारलंय, "एकदा मांडणी झाली की मग फारसा खर्च नाही ना?"

खर्च आहे, आणि तो वर्षानुवर्षं चालणारा आहे. साप घ्या, पण सहा महिन्यांनी आणि रोखीने. कासवं सध्या नकोत. असं का म्हणतो ते सांगतो.

बॉल पायथन चांगल्या देखभालीत २० ते ३० वर्षं जगतो. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात २०२० साली साठी ओलांडलेल्या एका मादीने अंडी घातली होती. लाल कानाचं कासवही २० ते ४० वर्षं काढतं. म्हणजे आज आणलेलं पिल्लू तुमच्या निवृत्तीनंतरही घरात असेल. घरासाठी कर्ज काढताना आपण ते निवृत्तीआधी फिटावं असं बघतो. हा खर्च तसा फिटणारा नाही. पगार थांबल्यावर तो पेन्शनमधून जाणार आहे, म्हणून निवृत्तीच्या हिशोबात त्याची ओळ आत्ताच घाला.

आता विजेचं बघू, कारण तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. हे प्राणी शरीराची ऊब स्वतः तयार करत नाहीत, ती आपल्याला पुरवावी लागते. बॉल पायथनच्या पेटीत एका टोकाला साधारण ३१-३२ अंश आणि दुसऱ्या टोकाला २५-२६ अंश तापमान लागतं, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं. ५० वॅटचा हीटर थर्मोस्टॅटवर (ठरलेल्या तापमानाला हीटर आपोआप बंद-चालू करणारं यंत्र) दिवसातला निम्मा वेळ चालला, तर महिन्याला १८ युनिट होतात. हे पेलण्यासारखं आहे. थर्मोस्टॅटवर मात्र काटकसर करू नका. तो नसला तर हीटर तापत राहतो आणि साप पोटाखाली भाजतो.

कासवांचा हिशोब वेगळा. अंग शेकायला १०० वॅटचा दिवा रोज दहा तास, म्हणजे एक युनिट. अतिनील किरणांचा २४ वॅटचा दिवा तेवढाच वेळ, म्हणजे पाव युनिट. २० वॅटचा फिल्टर अहोरात्र, म्हणजे अर्धा युनिट. पाणी २४ ते २६ अंशांवर ठेवणारा २०० वॅटचा हीटर दिवसाचा तिसरा हिस्सा चालला तर दीड युनिटाच्या वर. सगळं मिळून महिन्याला जवळजवळ १०० युनिट. तुमच्या बिलावरचा दर घ्या, त्याने गुणा आणि त्याची ३० वर्षं करा. त्या आकड्यापुढे पिल्लाची किंमत अगदी किरकोळ वाटेल.

अतिनील दिव्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण माझ्या एका अशिलाला हे फार महागात पडलं. त्यांच्या कासवाचा दिवा दोन वर्षं छान उजेड देत होता, म्हणून त्यांनी तो बदलला नाही. या दिव्यांचा उजेड टिकतो, पण त्यातले उपयोगाचे किरण बरेच आधी ओसरतात. त्या किरणांवाचून कासवाच्या अंगात डी-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि खाल्लेलं कॅल्शियम लागू पडत नाही. कवच मऊ पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं. उपचारांना दोन वर्षांच्या दिव्यांच्या कितीतरी पट पैसे गेले आणि कवच शेवटपर्यंत वेडंवाकडंच राहिलं. मला आजही त्या प्राण्याचं वाईट वाटतं. दिवा पेटत असला तरी सहा ते बारा महिन्यांत, त्याच्या प्रकाराप्रमाणे, बदलायचाच. तो खर्च दर महिन्याला थोडा थोडा बाजूला काढायचा. खिडकीतल्या उन्हाने हे काम होत नाही, काच ते किरण अडवते.

आता टाकी. कासवाचं पिल्लू तीन सेंटिमीटरचं असतं, पण पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटरची होते. कवचाच्या दर अडीच सेंटिमीटरला निदान ४० लिटर पाणी, असा पाळणाऱ्यांचा ढोबळ हिशोब आहे. म्हणजे एका मादीला ४०० लिटर, म्हणजेच नुसत्या पाण्याचं वजन ४०० किलो. दोन कासवं मोठी झाल्यावर भांडू लागली, किंवा नर मादीच्या सतत मागे लागला, तर दुसरी टाकी आली. आणि हे कधी होणार? साधारण सहा-सात वर्षांनी, म्हणजे तुमच्या मुलीच्या कॉलेजच्या पहिल्या फीच्या सुमारास. दोन मोठे खर्च एकाच वर्षी येणार असतील, तर त्यातला टाळता येणारा मी आजच टाळेन.

पिल्लं विकण्याचा विचार हिशोबातून काढून टाका. बॉल पायथनची मादी एका वेळी साधारण चार-सहा अंडी घालते, तीही दरवर्षी घालेलच असं नाही. पाळीव बॉल पायथनमध्ये अल्बिनो, म्हणजे अंगात गडद रंगद्रव्य नसलेली, पिल्लं पहिल्यांदा १९९२ साली झाली. तेव्हा अशा वेगळ्या रंगाच्या सापांना प्रचंड भाव होता. मग पैदास करणारे वाढले आणि भाव कोसळले. शिवाय मादी, नर, उबवणीची पेटी आणि प्रत्येक पिल्लाचं वेगळं घर हे सगळं आधी घ्यावं लागतं. यावर हप्ते अवलंबून ठेवू नका.

नको झालं तर बाहेर पडायचा रस्ता कुठला, हे मी प्रत्येक गुंतवणुकीत विचारतो. इथे तो अरुंद आहे. मोठ्या कासवाला सहसा कुणी घर देत नाही. तळ्यात सोडणं तर अजिबात नाही. लाल कानाचं कासव जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत आहे आणि ते तिथल्या स्थानिक कासवांची जागा बळकावतं. युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. बॉल पायथन साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात नेताना त्याला परवान्याचे कागद लागतात. म्हणून पैसे देण्याआधी तुमच्याकडचा कायदा काय म्हणतो ते बघा आणि प्राण्याच्या मुळाचे कागद मागा. कागद नसेल तर व्यवहार नको. रानातून पकडलेला प्राणी तर कुठल्याच भावाने घेऊ नका.

बोनसचं असं करा. दीड पगार आपत्कालीन निधीत टाका. उरलेल्या अर्ध्या पगारात सापाची पेटी, हीटर, थर्मोस्टॅट आणि दोन तापमापक बसतात का ते बघा. नसतील बसत तर थांबा, पण हप्ता नको. प्राण्याच्या आजारपणाची रक्कम घरच्या निधीत मिसळू नका. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य मोजकेच असतात. साप दुखणं लपवतो, श्वासाचा आवाज ऐकू येईपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून तपासणी आणि औषधांसाठी वेगळं खातं ठेवा. तुम्ही गावाला गेलात किंवा तुमचं काही बरंवाईट झालं, तर साप कोण सांभाळेल, हेही त्या व्यक्तीला विचारून लिहून ठेवा. मुलीला दोन्ही प्राण्यांबाबत एक सवय लावाच. हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण त्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

सहा महिने थांबायचं ते नुसतं वाट बघण्यासाठी नाही. साप घरात आहे असं धरून वीज, त्याच्या खाण्याचे उंदीर, पेटीतलं अंथरूण आणि उपचार यांची रक्कम दर महिन्याला त्या वेगळ्या खात्यात टाका. शेवटच्या महिन्यात रिकामी पेटी सुरू ठेवा, दोन्ही टोकांचं तापमान सकाळ-संध्याकाळ लिहा आणि महिन्याच्या सुरुवातीचं व शेवटचं मीटरचं रीडिंग घ्या. ती वही आणि खात्यातली शिल्लक मला पाठवा. त्यावरून तुमच्या निवृत्तीच्या तक्त्यात सापाची ओळ घालून देतो.