दोन हजारांचं चलन भरून मोकळं व्हावं का?

प्रश्न: मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कंपनीत सेल्सला आहे. स्वतःच्या गाडीनं सांगली, इचलकरंजी, निपाणी अशी फिरती असते, तिच्यावर महिन्याला साधारण 9,000 रुपये इन्सेंटिव्ह मिळतो. गेल्या आठवड्यात कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरला माझ्या गाडीची एका मोटरसायकलशी धडक झाली. कॉलेजच्या मुलाचा घोटा मोडला, सीपीआर या सरकारी दवाखान्यात प्लास्टर केलं. पोलिसांनी मोटर वाहन कायद्याच्या कलम 184 खाली 2,000 रुपयांचं चलन केलं आणि लायसन्स जमा करून घेतलं. वकील 8,000 मागतात. मुलाचे मामा 40,000 देऊन मिटवा म्हणतात. गाडीचं काम 14,000 चं निघालंय. घरचे म्हणतात, चलन भर आणि मोकळा हो. काय करू?

उत्तर: नमस्कार. 2,000 वाचवायला 8,000 कोण घालवेल, हा घरच्यांचा हिशोब वरवर बिनचूक आहे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. पण तुमचं लायसन्स जमा झालंय, आणि खरे पैसे तिथं अडकलेत.

कलम 184 म्हणजे धोकादायक ड्रायव्हिंग. यात पोलीस जमा केलेलं लायसन्स आरटीओकडे पाठवू शकतात. आरटीओ तुमचं म्हणणं ऐकून घेतो आणि मग एक तर सोडून देतो किंवा पहिल्या वेळेला तीन महिन्यांसाठी लायसन्स निलंबित करतो. पुन्हा असं झालं तर लायसन्स रद्दच होऊ शकतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर चलनाची तडजोड रक्कम भरली म्हणून ही कारवाई थांबत नाही, हे फार कमी लोकांना माहीत असतं. म्हणजे 2,000 भरून तुम्ही मोकळे होत नाही. उलट ‘चूक मान्य’ असा कागद तयार करून आरटीओसमोर उभे राहता.

तीन महिने गाडी बंद म्हणजे 27,000 रुपयांचा इन्सेंटिव्ह गेला. ड्रायव्हर ठेवलात तर त्याचा पगार खिशातून जाणार. शिवाय तीन वर्षांच्या आत पुन्हा हाच गुन्हा लागला, तर कायद्यात 10,000 दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. रोज रस्त्यावर असणाऱ्या माणसानं हे डोक्यावर घेऊन फिरू नये. म्हणून माझं मत: चलन आत्ता भरू नका, हरकत घ्या.

मात्र एक गोष्ट स्पष्ट विचारतो. तुमच्या मूळ पत्रात एका ओळीत ‘सिग्नल हिरवा होता’ असं आहे आणि खाली ‘पिवळा पडत होता, मी थोडा घाईत होतो’ असं आहे. नेमकं काय होतं? तुमच्या आठवणीवर लढू नका, फुटेजवर लढा. चौकातल्या कॅमेऱ्याचं फुटेज जपून ठेवावं, असा तारीख-वेळ घातलेला अर्ज वाहतूक शाखेत उद्याच द्या आणि पोच घ्या. कोपऱ्यावरच्या दुकानांतही विचारा. जुन्या फुटेजवर नवं चढत जातं. तुमचा आठवडा आधीच गेलाय.

सुरुवातीचा खर्च फारसा नाही. ई-चलन असेल तर ऑनलाइन तक्रार करायला पैसे पडत नाहीत. आरटीओच्या सुनावणीला तुम्ही स्वतः जाऊ शकता; लेखी म्हणणं, फुटेज, विमा आणि पीयूसी सोबत न्या. वकिलांना आत्ता एका बैठकीचे पैसे द्या. पूर्ण 8,000 चा विषय प्रकरण कसबा बावडा रोडच्या न्यायसंकुलात उभं राहिलं तरच. मुलाच्या बाजूनं निष्काळजीपणाची फिर्याद झाली असेल किंवा होणार असेल, तर मात्र थांबू नका, वकील लगेच करा. कारण मग चलनावरची कबुली तिथंही तुमच्याविरुद्ध दाखवली जाईल.

लोकअदालतीची वाट बघा, असंही कुणी सांगेल. तिथं तडजोड होते, चूक कुणाची हे ठरत नाही. नो पार्किंगला ठीक आहे.

आता ते 40,000. हे देऊ नका, आणि इथं मी ठाम आहे. त्या मुलाला भेटा, औषधाला हातभार लावा, माणुसकी सोडू नका. पण भरपाईची रक्कम ठरवणं आणि चूक लिहून देणं तुमचं काम नाही. विमा कंपनीच्या लेखी संमतीशिवाय असं काही कबूल करायचं नाही, अशी अट पॉलिसीतच असते. आणि मुलाचा हक्क 40,000 पेक्षा मोठा आहे. हाड मोडणं कायद्यानं गंभीर दुखापत धरतात. मोटर वाहन कायद्याच्या कलम 164 खाली चूक सिद्ध न करता त्यासाठी 2.5 लाखांची तरतूद आहे, आणि ती थर्ड पार्टी विम्यातून भागते. सिग्नल तोडला या कारणावरून विमा कंपनीला त्याची भरपाई टाळता येत नाही. दारू किंवा लायसन्स नसणं ही वेगळी गोष्ट. अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. हे मामांना स्वतः सांगा, चहा घेत सांगा. आणि विमा कंपनीला अपघात आजच लेखी कळवा.

गाडीचं काम खिशातून करा. झिरो डेप (घसारा न कापता पैसे देणारं कव्हर) नाही असं तुम्ही लिहिलंय, त्यामुळे प्लास्टिकच्या बंपरचे निम्मेच पैसे मिळतील, वर सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही सोसायची रक्कम, 1,000 ची. 14,000 मधले 7,000 च्या आसपास हातात येतील. क्लेम केला की तुमचा 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, शून्यावर येतो. तुमचा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) मूळ प्रीमियम 12,000 आहे. पुन्हा 50 टक्क्यांवर पोचेपर्यंत जादा भरणा वर्षागणिक 6,000, 3,600, 3,000, 1,800 आणि 600 असा, म्हणजे 15,000 होतो. गाडीची किंमत उतरेल तसा तो थोडा कमी होईल, जीएसटीनं थोडा वाढेल. तरी 7,000 साठी हा सौदा नको. चलनामुळे प्रीमियम वाढेल ही भीती मात्र सोडा. बोनस क्लेमनं जातो, चलनानं नाही.

फुटेजमध्ये तुमच्या बाजूला लाल दिसला, तर हट्ट करू नका. चलन भरा आणि आरटीओसमोर खरं सांगा: पहिलीच वेळ आहे, मुलाला तुम्हीच सीपीआरला नेलंत, घर या गाडीवर चालतं. निर्णय त्यांचा. तीन महिने निलंबन झालंच तर एसटीनं होण्यासारखी गिऱ्हाइकं कोणती, याची यादी सुनावणीआधीच कंपनीतल्या साहेबांपुढे ठेवा, म्हणजे निम्मा इन्सेंटिव्ह तरी वाचेल.