वाद्यांवाचून जागर

प्रश्न : धरमपेठेतील आमच्या भजनी मंडळात एका तरुणाने रशियन संगीतकार राख्मानिनॉव्ह यांच्या ‘ऑल नाइट व्हिजिल’ (रात्रभराचा जागर) या वृंदगानाचे ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यात एकही वाद्य नाही. तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेल्या आम्हांला त्याचे नवल वाटले. असे का? आणि सोव्हिएत राजवटीत हे धर्मसंगीत टिकले तरी कसे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : रशियन ऑर्थोडॉक्स या ख्रिस्ती पंथाच्या उपासनेत वाद्यांना स्थान नाही, देवाची स्तुती शब्द उच्चारू शकणाऱ्या मानवी कंठानेच करायची, अशी तेथील धारणा आहे. त्यामुळे साथीची सारी भिस्त आवाजांच्या थरांवर, विशेषतः खर्जावर असते. आपण ऐकलेली १५ भागांची रचना १९१५ साली मॉस्कोत प्रथम गायली गेली. तिच्या पाचव्या भागात बायबलमधील वृद्ध शिमोन बालयेशूला डोळे भरून पाहतो आणि ‘आता मला शांतीने जाऊ दे’ असे देवाला म्हणतो. हे शब्द संपता संपता खर्जाचे गायक पायरीपायरीने इतके खाली उतरतात की, तो स्वर लावणारे गळे रशियातही दुर्मीळच. हा भाग आपल्या अंत्यविधीत गायला जावा, अशी राख्मानिनॉव्ह यांची इच्छा होती.

१९१७ च्या क्रांतीनंतर ही वाट जवळजवळ बंद झाली. मॉस्कोचे ‘ख्राइस्ट द सेव्हियर’ कॅथीड्रल १९३१ साली पाडले गेले, तेव्हा तेथील वृंदाचे प्रमुख पावेल चेस्नोकॉव्ह यांनी त्या धक्क्याने रचना करणेच सोडले. पुढच्या पिढीतील संगीतकारांना आडवाटा शोधाव्या लागल्या. स्विरिदॉव्ह यांनी १९७३ मध्ये ‘झार फ्योदोर’ या ऐतिहासिक नाटकाच्या निमित्ताने प्रार्थनेचे सूर रंगमंचावर आणले. श्निट्के यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास दहाव्या शतकातील आर्मेनियन संत नारेकात्सी यांच्या प्रार्थनांचे रशियन भाषांतर घेऊन वृंदगान रचले. माझ्या मते या काळातील सर्वांत उत्कट रचना हीच आहे, कारण तिच्यातील पश्चात्ताप कोणत्याही एका पंथापुरता उरत नाही. रशियातील ख्रिस्ती धर्माच्या सहस्राब्दीच्या वर्षी, १९८८ साली, श्चेद्रिन यांनी ‘द सील्ड एंजल’मध्ये वृंदासोबत एक बासरी योजली. वाद्य आले म्हणजे ही रचना उपासनेतली नव्हे, हे उघडच आहे. पण तिचे शब्द मात्र प्रार्थनेचेच आहेत.

मंडळात पुन्हा ऐकाल तेव्हा पाचव्या भागाचा शेवट मोबाइलवर न ऐकता चांगल्या स्पीकरवर ऐकावा. मोबाइलवर तो खर्ज ऐकूच येत नाही.