पाट्यांचे बोल्ट नेमके कधी आणि किती आवळायचे?

पिकअपचे पाटे (लीफ स्प्रिंग) उतरवून पुन्हा चढवले आणि मग गाडी वाजायला लागली, तिरकी पळायला लागली, बुश गेले, अशा तक्रारींचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. बहुतेकांचा रोख "बोल्ट किती जोरात आवळायचा" यावर आहे. जोराइतकंच महत्त्व कधी आवळला आणि काय स्वच्छ करून आवळला, यालाही आहे.

मागच्या पाट्यांचे रबर बुश नवे टाकले, दोन महिन्यांत फाटून बाहेर आले. मिस्त्री म्हणतो माल डुप्लिकेट होता. खरं काय? (भाजी वाहतूकदार, मंचर)

माल डुप्लिकेट असूही शकतो. पण आधी मिस्त्रींना एवढंच विचारा, की बुशचे बोल्ट शेवटचे आवळले तेव्हा चाकं जमिनीवर होती की ॲक्सल लोंबकळत होता?

रबर बुशच्या मधोमध लोखंडी नळी असते आणि तिच्याभोवती रबर. बोल्ट आवळला की ही नळी ब्रॅकेटच्या दोन गालांमध्ये जाम होते, आणि ती जामच राहायला हवी. पाटा वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पिळतं आणि परत सरळ होतं. गाडी जॅकवर असताना बोल्ट पक्का केला, तर रबर त्या लोंबत्या अवस्थेतच 'सरळ' राहतं. गाडी खाली उतरली की ते पिळलं जातं, वर टोमॅटोचे क्रेट चढले की आणखी. मान वळवून रात्रभर झोपलेल्या माणसासारखी त्याची गत होते. मग खड्ड्यात फाटायला कितीसा वेळ लागणार?

पुढच्या डोळ्याचा (पाट्याच्या टोकाच्या गोल वळणाचा) बोल्ट आणि मागच्या शॅकलचे (पाट्याचं मागचं टोक चॅसिसला झुलतं जोडणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट हाताने बसवा, नट वायसरला टेकेपर्यंतच फिरवा. गाडी चाकांवर उतरवा, मागून दाबून दोन-चार वेळा हलवा, थोडी पुढे-मागे ढकला. मग आवळा. खाली शिरायला जागा नसेल तर खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. आणि चाकं हवेत असतील तेव्हा चॅसिसखाली घोडी (आधाराचा स्टँड) लावल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर, कोणीही खाली जाऊ नये.

हे फक्त रबर बुशबद्दल. तुमच्या गाडीत ग्रीस निपल असलेली पिन आणि धातूचा बुश असेल, तर तिथे पिन फिरतच असते, आवळताना गाडी कुठे आहे याने फरक पडत नाही.

पाटा बदलताना जुनेच यू-बोल्ट वापरले. "धड आहेत की," असं गॅरेजवाल्याचं म्हणणं. आता गाडी एका बाजूला ओढते आणि मागून पाहिलं तर तिरकी चालल्यासारखी दिसते. (सोलापूर)

गाडी आधी थांबवा आणि सेंटर बोल्ट बघा. पाट्यांच्या मधोमध आरपार गेलेल्या या बोल्टचं डोकं ॲक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसतं. ॲक्सल कुठे बसायचा ते या बोल्टने ठरतं. पण ॲक्सलला तिथे दाबून धरण्याचं काम त्याचं नाही, ते यू-बोल्टचं, म्हणजे पाटा आणि ॲक्सल एकत्र कवळून धरणाऱ्या U आकाराच्या बोल्टचं. यू-बोल्ट ढिले पडले की ब्रेक मारताना आणि वेग घेताना सगळा मार सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, ॲक्सल एका बाजूला सरकतो. तुमच्या वर्णनावरून हेच झालं असावं. तुटलेला सेंटर बोल्ट नुसता बदलून काम संपत नाही.

यू-बोल्ट बाहेरून धड दिसला तरी तो एकदा ताणला गेलेला असतो, त्याचे आटे एकदा दबलेले असतात. पुन्हा आवळताना नट जड जातो, हाताला वाटतं घट्ट झाला, पण पाट्यावर दाब आलेला नसतो. म्हणून पाटे उतरवले की यू-बोल्ट आणि नट नवेच टाकायचे. पाटे, ॲक्सल आणि कामगार यांच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ आहे. नवा घेताना वाकही जुळवून घ्या: गोल नळीच्या ॲक्सलला गोल वाकाचा, चौकोनी बैठकीला चौकोनी वाकाचा.

बसवताना बैठक, पाट्याचा माथा, खालची प्लेट यांवरचा गंज, चिखल आणि रंगाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने खरवडून काढा. याचा कंटाळा करू नका. रंगाचा थर आत राहिला तर गाडी चालताना तो चेपला जातो आणि तेवढा ताण बोल्टमधून निघून जातो. नट जागेवरच असतो, फिरलेलाही नसतो, तरी सांधा ढिला.

सेंटर बोल्टचं डोकं भोकात बसलंय का, हे बॅटरी मारून बघा. भोकं जुळली का ते बोटाने चाचपू नका, पाटा सरकला तर बोट जाईल, टॉमीचं निमुळतं टोक वापरा. मग चारही नट थोडे थोडे, कोपऱ्यासमोरचा कोपरा असे, तीन-चार फेऱ्यांत आवळा. दोन्ही पायांचे आटे नटाबाहेर सारखेच दिसले पाहिजेत. शेवटची फेरी गाडी चाकांवर असताना. आणि भरल्या गाडीने काही फेऱ्या झाल्या की, पहिल्या हजार किलोमीटरच्या आत, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणारा पाना) पुन्हा लावा. नवे पाटे एकमेकांवर बसतात, त्यामुळे पहिल्यांदा थोडा ढिलेपणा येणारच.

आमचा मिस्त्री पान्याला पाइप लावून त्यावर उभा राहतो. आकडा किती ठेवावा? (नगर)

आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचा. शेजाऱ्याच्या गाडीचा चालत नाही. अंदाज हवा असेल तर, कोरड्या आट्यांच्या १०.९ प्रतीच्या (प्रतीचे आकडे खाली समजावले आहेत) १४ मिलिमीटर बोल्टला साधारण २०० न्यूटन-मीटर लागतात. सत्तर किलोचा माणूस एक मीटर पाइपच्या टोकावर उभा राहिला की जवळपास ६९० होतात. बोल्ट तुटला नाही तरी कायमचा लांबला, आणि लांबलेला बोल्ट धरून ठेवत नाही.

बोल्टच्या डोक्यावरचे प्रतीचे आकडे वाचायला शिका. ८.८ मधला पहिला ८ म्हणजे ८०० मेगापास्कलची ताकद, .८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत तो ताण सोसून परत मूळ लांबीवर येतो. १०.९ च्या जागी ८.८ लावून आवळ मात्र १०.९ ची दिली, की तिथेच फसगत.

आणखी एक. आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला साधारण ९० टक्के घर्षणातच जातो, उरलेल्या दहाएक टक्क्यांनी बोल्ट ताणला जातो. त्यामुळे मॅन्युअलमध्ये कोरडा आकडा असताना आट्यांना ऑइल चोपडलं, तर तेवढ्याच टॉर्कला बोल्ट फार जास्त ताणला जातो. रेंचवरचं मापही नीट बघा: एक किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८ न्यूटन-मीटर, आणि १०० फूट-पाउंड म्हणजे १३६. आवळ नटावर द्यायची, बोल्टचं डोकं नुसतं धरून ठेवायचं.

स्प्रिंग वायसर, नायलॉन नट की लॉकटाइट? (कराड)

स्प्रिंग वायसरवर फार विसंबू नका. आडव्या धक्क्यांनी नट कसा सुटतो हे जर्मन अभियंता गेर्हार्ड युंकर यांनी १९६९ मध्ये दाखवलं, आणि त्या प्रकारच्या चाचणीत स्प्रिंग वायसरचा निकाल वाईटच लागतो. नायलॉनचा नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदाच वापरायचा, हाताने सरसर फिरला तर तो गेला समजा. कंपनीने धातूचा चेपलेला लॉक-नट दिला असेल तर तोच आणा. निळं लॉकटाइट (आटे चिकटवून धरणारं द्रव) लावायचं तर आटे ऑइलमुक्त हवेत, आणि नायलॉन नटाच्या जोडीला ते नको.

मासळीची गाडी आहे. शॅकलचा बोल्ट निघेचना, शेवटी ग्राइंडरने कापला. नवा स्टीलचा टाकू का, गंज नको म्हणून? (मालवण)

मासळीच्या गाडीत बर्फाचं खारं पाणी हौद्यातून थेट मागच्या शॅकलवर ठिबकतं, त्यामुळे बोल्ट बुशच्या नळीत गंजून एकजीव होतो. कापलात ते ठीक केलंत. गॅसची ज्योत लावली असती तर रबर जळलं असतं, शेजारी डिझेलची टाकीही असते.

स्टेनलेस मात्र नको. बाजारात मिळतो तो बहुधा ए२-७० प्रतीचा, म्हणजे ७०० मेगापास्कलचा. तो ८.८ पेक्षाही कमजोर. हार्डवेअरच्या दुकानातला डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्टही नको. नळीत आणि ब्रॅकेटच्या भोकात गुळगुळीत दांडाच यायला हवा, नाहीतर आटे कानशीसारखे भोक खातात. कंपनीचाच बोल्ट घ्या, नळी आतून साफ करा, दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्या, आटे कोरडे ठेवा. ग्रीस रबराला लागू देऊ नका. आणि रोज माल उतरवल्यावर खालून गोड्या पाण्याचा फवारा मारा.

टोयोटा हायलक्स पिकअपचे पुढच्या सस्पेन्शनचे खालचे आर्म काढून लावायचेत. काय काळजी घेऊ? (पुणे)

तिथले कॅम बोल्ट (फिरवून चाकाचा कोन जुळवायचे बोल्ट) काढण्याआधी कॅम आणि ब्रॅकेटवर रंगाची खूण करा, त्याच खुणेवर परत बसवा. आवळणं चाकांवर उभी असतानाच. तरीही अलाइनमेंट करावंच लागेल, खूण फक्त अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत जायला.

आवळलेला बोल्ट पुन्हा सुटतोय हे कसं ओळखायचं? (नाशिक)

आवळून झालं की नट, बोल्ट आणि ब्रॅकेट यांवरून ऑइल पेंटची एक रेष ओढा. नट फिरला की रेष तुटते, वाकून बघितलं तरी दिसतं. मघाशी सांगितलं तसा न फिरताही सांधा ढिला होतो, त्याची खूण वेगळी: वायसरभोवती तांबूस भुकटी किंवा घासून चकाकलेली कड. असं काही दिसलं तर नुसतं आवळून पुढे जाऊ नका. बोल्ट काढून आटे आणि भोक तपासा. भोक लांबट झालं असेल तर नवा बोल्टही टिकणार नाही, आधी ब्रॅकेटचं काम करून घ्या.