कोपर दुखतंय, सांधा बदलावा लागेल का?

प्रश्न: चार महिन्यांपासून कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. कपडे पिळताना कळ येते. इंजेक्शन घ्यावं का? पुढे सांधा बदलावा लागेल?

उत्तर: वर्णनावरून हा टेनिस एल्बो वाटतो. यात सांधा शाबूत असतो. मनगट उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग) हाडापाशी झिजतो. म्हणून सांधेबदलाची भीती मनातून काढून टाका.

खरा उपाय व्यायाम. हात टेबलावर, तळवा खाली, मनगट कडेबाहेर. मुठीत अर्धा किलो वजन. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला, मग ते तीन-चार सेकंदांत सावकाश खाली सोडा. १५ वेळा, असे ३ संच, निदान १२ आठवडे. किंचित दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर वजन घटवा. दुखणं कमी होताच व्यायाम सोडला तर ते उलटू शकतं. वस्तू उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवा.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे बरं वाटतं, पण वर्षभराने फिजिओथेरपी घेतलेलेच पुढे असतात. आम्ही घाई करू नका म्हणू. शस्त्रक्रियेचा विचार ६ ते १२ महिन्यांनंतरच.

सांधेबदल मुख्यतः संधिवाताने सांधा उद्ध्वस्त झाल्यास किंवा वृद्धांत हाडाचा चुरा झाल्यास. त्यानंतर जन्मभर त्या हाताने साधारण ५ किलोंहून जड उचलायचं नसतं.

करंगळीत मुंग्या, सांधा अडकणं, ताप-सूज असेल तर मात्र लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.